छप्पर जाण्याआधी आणि मिळाल्यानंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ-दहा शेजाऱ्यांनी मिळून एक छोटी संस्था काढली, रीतसर नोंदणी केली. दर आठवड्याला जेवण देतात, कपडे-पांघरुणं गोळा करून वाटतात. तीन वर्षं झाली तरी रांग कमी होत नाही, उलट वाढतेच आहे, आणि निम्मे चेहरे तेच ते. देणग्या तुटपुंज्या, सगळेजण नोकरी-धंदा सांभाळून येणारे. त्यांना आता वाटू लागलंय की समाधान आपल्याला मिळतंय, पण समोरच्याचं काही बदलतंय का? पुढे काय करावं?

मी या कामात बराच काळ आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. म्हणून मत आधीच सांगून टाकते. जेवणाची रांग बंद करू नका, पण तिच्यावर खर्ची पडणारी निम्मी ताकद दोन ठिकाणी वळवा. ज्याचं घर जाण्याच्या बेतात आहे त्याच्याकडे, आणि ज्याला नुकतंच घर मिळालंय त्याच्याकडे. मधला टप्पा, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला प्रत्यक्ष घर मिळवून देणं, हा मोठ्या पैशाचा, जागेचा आणि सरकारी धोरणाचा मामला आहे. तिथे छोट्या संस्थेला मदतनिसाचीच भूमिका मिळते. दोन्ही टोकांना मात्र ओळख लागते, चिकाटी लागते आणि निर्णय पटकन घ्यावा लागतो. हे तुमच्याकडे आहे. मोठ्या यंत्रणेकडे पैसा असतो, पण या गोष्टी क्वचित असतात.

रांगेपासून सुरुवात करू, कारण तिचा उपयोग तुमच्या लक्षात आलेला नाही असं वाटतं. जेवणाच्या रांगेतली बरीच माणसं बेघर नसतात. त्यांना घर असतं, बहुधा भाड्याचं. महिन्याच्या खर्चात भाडं कापता येत नाही, औषध फार दिवस पुढे ढकलता येत नाही, कामावर जाण्यायेण्याचा खर्च चुकत नाही. हात आखडता घेता येतो तो फक्त खाण्यावर. म्हणून घर टिकवायला माणूस आधी पोटाला चिमटा काढतो आणि मग तुमच्या रांगेत येतो. घर सुटण्याच्या कितीतरी आधी तो तुम्हाला दिसलेला असतो. इतक्या लवकर ही खबर दुसऱ्या कुणालाच मिळत नाही, ना कोर्टाला, ना पालिकेला, ना निवाऱ्याला. आणि आपण काय करतो? ताट हातात देतो आणि 'पुढचे या' म्हणतो.

वाढपाच्या टेबलापासून थोडं बाजूला दोन खुर्च्या टाका. तिथे एकच स्वयंसेवक बसवा, ज्याला वाढायचं काम नाही. त्यानं चौकशी करायची नाही, गप्पा मारायच्या. गप्पांमधून तीन गोष्टी कळल्या की पुरे: या महिन्याचं भाडं गेलं का, घरमालक काही बोलला का, आणि काल रात्री कुठे झोपलात. तिसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण सरळ विचारला तर लोक सरळ उत्तर देतात. 'तुमच्यावर अशी वेळ का आली?' हे मात्र कुणालाही विचारू नका. त्याचं उत्तर द्यायला माणसाला आयुष्य उलगडावं लागतं, आणि तुमच्या हाती उपयोगाचं काहीच लागत नाही.

बोलण्याशिवायही बरंच कळतं. एरवी मोकळ्या हातानं येणारी बाई अचानक मोठी पिशवी घेऊन येऊ लागते. कुणी सहज विचारतं, 'माझे कागद इथे ठेवता येतील का?' कुणी आल्या आल्या मोबाइल चार्जिंगला लावायला जागा शोधतं. यातलं काही दिसलं की त्या खुर्चीवरच्या माणसानं त्याच दिवशी बोलायचं, पुढच्या आठवड्यावर टाकायचं नाही.

बेघर म्हणजे फूटपाथवर झोपलेला माणूस, एवढंच चित्र डोळ्यांसमोर असेल तर ही माणसं निसटतात. युरोपात बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा 'फिआन्त्सा' नावाचा महासंघ आहे. त्यानं २००५ साली एक वर्गवारी मांडली, ती मला रोजच्या कामात उपयोगी पडते. त्यात चार गट आहेत. पहिला, छप्परच नसलेले. दुसरा, छप्पर आहे पण घर नाही, म्हणजे निवाऱ्यात किंवा तात्पुरत्या जागेत राहणारे. तिसरा, घर आहे पण भरवसा नाही, म्हणजे खाली करायची नोटीस आलेले, नातेवाइकांकडे दिवस काढणारे, घरात मारहाण सोसणारे. आणि चौथा, राहण्याच्या लायकीची नसलेली जागा घर म्हणून वापरणारे. तुमच्या रांगेत तिसरा आणि चौथा गट ठासून भरलेला असणार.

आता मदतीचा उपयोग होतो का, याबद्दल. अमेरिकेत शिकागो शहरात भाडं थकलेल्यांसाठी एक फोनसेवा होती. निकषांत बसणाऱ्यालाही त्या दिवशी निधी शिल्लक असेल तरच मदत मिळायची, आणि निधी कधी आहे, कधी नाही, हे फोन करणाऱ्याला आधी कळायला मार्ग नव्हता. त्यामुळे एकाच तऱ्हेच्या दोन गटांची आपोआप तुलना करता आली. इव्हान्स, सलिव्हन आणि वॉलस्कॉग या तीन अर्थतज्ज्ञांनी ती केली आणि २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापली. निधी असताना फोन केलेली माणसं पुढच्या सहा महिन्यांत निवाऱ्यात पोचण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी निघालं. एकदाच दिलेली रक्कम, तीही बहुधा घरमालकाच्या किंवा वीज कंपनीच्या खात्यात गेलेली.

हा आकडा देणगीदारांना दाखवायला छान आहे, पण त्याच अभ्यासातली दुसरी बाजू दडवू नका. ज्यांना मदत मिळाली नाही त्यांच्यातलेही सुमारे दोन टक्केच निवाऱ्यापर्यंत गेले. बाकीच्यांनी काहीतरी करून निभावलं: उधारी केली, दागिना मोडला, भावाकडे राहायला गेले. याचा अर्थ, मागेल त्याला भाडं देत सुटलात तर बहुतेक पैसा अशांकडे जाईल जे रस्त्यावर आलेच नसते. तो वाया गेला असं मी म्हणणार नाही, उधारीचा फासही वाईटच. पण निधी थोडा असेल तर निवड करावी लागते, आणि आपली निवड आपल्याला वाटते तितकी चांगली नसते. न्यूयॉर्कमध्ये मेरीबेथ शिन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली असं दाखवलं की कर्मचाऱ्यांच्या अंदाजापेक्षा एक छोटी प्रश्नावली जास्त अचूक निवड करते. पूर्वी कधी निवाऱ्यात राहिलात का, वर्षभरात किती वेळा घर बदललं, घरात दोन वर्षांखालचं मूल आहे का, गरोदर आहात का, भाडेकरार तुमच्या नावावर आहे की दुसऱ्याच्या, घर सोडायला कुणी सांगितलंय का, असे साधे प्रश्न. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याला नीट बोलणारा, आभार मानणारा, कागद फाइलमध्ये लावून आणणारा माणूस 'योग्य' वाटतो. खरा धोका बहुधा त्याच्या मागे, कागदांशिवाय, चिडून उभ्या असलेल्या माणसाला असतो.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. कार्यालयांची सफाई करणारी एक बाई, दोन मुलं. नवऱ्याचा पाय मोडला, त्याचा रोज बुडाला. भाडं दोन महिने थकलं, मालकानं महिनाअखेरीची मुदत दिली, तोंडी. ती प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद कोंबून घेऊन आली होती. आम्ही टेबलावर ते तीन गठ्ठ्यांत लावले. एकात पैसे येण्याचे कागद: तिची पगाराची चिठ्ठी, नवऱ्याच्या मुकादमाचा नंबर. दुसऱ्यात जाण्याचे: भाड्याच्या पावत्या, दवाखान्याची बिलं, उसनवारीची वही. तिसऱ्यात तारखा: प्लास्टर कधी निघणार, डॉक्टरांनी कामावर जायला कधीपासून सांगितलंय, मुदत कधी संपते. निर्णय या तिसऱ्या गठ्ठ्यावर होतो. अडचण कधीतरी संपणार आहे का, आणि तोपर्यंत किती दिवसांचं अंतर भरायचंय? इथे उत्तर स्पष्ट होतं. दीड महिन्यात नवरा कामावर जाणार होता.

मग तिच्यासमोरच, तिला विचारून, मालकाला फोन लावला.

'नमस्कार काका, मी संस्थेतून बोलतेय. तुमच्या भाडेकरू ताई माझ्यासमोर बसल्यात, त्यांच्या परवानगीनं फोन करतेय.'

'तुम्ही पैसे देताय का? नसाल तर बोलून काय उपयोग?'

'एका महिन्याचं परवापर्यंत तुमच्या खात्यात जमा करतो. दुसऱ्या महिन्याचं त्या चार हप्त्यांत देतील, चालू भाड्याबरोबर. त्यांची सही घेऊन लेखी देते. तुमच्याकडून एवढंच लिहून हवंय की हप्ते येत राहिले तर खोली खाली करायला सांगणार नाही.'

थोडा वेळ तिकडून काही आवाज नाही. मग, 'आणि हप्ता चुकला तर मी फोन कुणाला करायचा?'

'मला करा.'

हा शेवटचा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात बहुतेक मालक विचारतात. त्यांना पैसे हवे असतातच, पण त्याहून जास्त हवं असतं ते फोन उचलणारं कुणीतरी. भाडेकरू लाजेनं फोन उचलत नाही, मालकाला वाटतं हा टाळतोय, आणि थकबाकीपेक्षा तो राग घर घालवतो. मध्ये उभं राहायला तुम्हाला ना इमारत लागते, ना मोठं अनुदान. मात्र जामीन राहू नका. 'हप्ता चुकला तर आम्ही भरू' असं एकदाही म्हणू नका, गोड बोलूनही नाही. फोन उचलण्याचं वचन द्या, पैसे भरण्याचं नको.

यासाठी एक वेगळा निधी बाजूला काढा आणि त्याचे नियम एका पानावर मावतील इतके ठेवा. निर्णय दोन दिवसांत, दोघांच्या सहीनं. समितीची मासिक बैठक होईपर्यंत घर गेलेलं असतं. एका घराला साधारण वर्षातून एकदा, दोन महिन्यांच्या भाड्यापलीकडे नाही. भाडं शक्यतो थेट मालकाच्या खात्यात, पावती भाडेकरूच्या नावानं. आणि नियम मोडायची मुभाही त्याच पानावर लिहून ठेवा, कारण कागदावर न बसणारी निकड येतेच येते. नियम मोडला की कारण लिहायचं, एवढीच अट.

दोन ठिकाणी मात्र हात आवरा. कमाईच्या मानाने भाडंच झेपणारं नसेल तर थकबाकी भरून फक्त तारीख पुढे जाते. तिथे तोच पैसा लहान जागेच्या अनामतीसाठी आणि सामान हलवण्यासाठी द्या. माणसाला हे ऐकायला आवडत नाही, बोलावं तर लागतंच. आणि घरात मारहाण होत असेल तर ते घर वाचवायच्या भानगडीत पडू नका. नवऱ्याला किंवा मालकाला फोन करू नका, घरी चिठ्ठी पाठवू नका. ती बाई सुरक्षित कशी बाहेर पडेल हे त्या कामातल्या जाणत्या माणसांकडे सोपवा.

'रोख पैसे दिले तर दारूत उडवतील' ही शंका तुमच्या कार्यकारिणीत कुणीतरी काढणारच. कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये २०१८ साली हे करूनच पाहिलं गेलं. ५० बेघर माणसांना प्रत्येकी ७,५०० कॅनेडियन डॉलर एकरकमी, बिनशर्त दिले आणि न मिळालेल्यांशी वर्षभर तुलना केली. निष्कर्ष २०२३ साली छापून आले. पैसे मिळालेली माणसं वर्षात सरासरी ९९ दिवस कमी बेघर राहिली, आणि दारू-सिगारेटवरचा खर्च वाढला नाही. पण प्रयोगात घेतलेले लोक अलीकडेच बेघर झालेले होते. व्यसनाचा किंवा मानसिक आजाराचा गंभीर त्रास असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं. म्हणजे हा पुरावा सगळ्यांना लागू होत नाही. पण तुमच्या रांगेतल्या बहुतेकांना लागू होतो, आणि कपड्यांच्या गाठोड्यांपेक्षा रोख रक्कम त्यांना जास्त उपयोगी पडते हे मी छातीठोकपणे सांगेन. कपडे गोळा करणं, निवडणं, धुणं, साठवणं यात स्वयंसेवकांचे जेवढे तास जातात तेवढ्यात कितीतरी फोन होतील. (जुने कपडे देणाऱ्यांना नाही म्हणणं हे या क्षेत्रातलं सगळ्यात अवघड काम आहे, हे मान्य.)

रस्त्यावरच आलेल्यांचं काय? त्यांच्यातही फरक आहे. डेनिस कलहेन आणि रँडल कून यांनी १९९८ साली न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या निवाऱ्यांच्या नोंदी चाळल्या. एकट्या प्रौढांपैकी सुमारे ८० टक्के थोड्या काळासाठी आले आणि सावरून गेले. १० टक्क्यांच्या आसपास येत-जात राहिले. उरलेले साधारण १० टक्के मुक्कामाला राहिले, आणि निवाऱ्यातल्या एकूण दिवसांपैकी निम्मे दिवस या थोड्यांच्या वाट्याला गेले. तुम्हाला दिसणारे 'तेच ते चेहरे' बहुधा यातलेच. ते तेच राहतात याचा अर्थ तुमचं काम फसलं असा होत नाही. त्यांची गरज ताटानं भागणारी नाही, इतकंच.

या माणसांसाठी आज जगात सर्वाधिक पुरावा आहे तो आधी घर देण्याच्या पद्धतीला. मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'पाथवेज टू हाउसिंग' ही संस्था काढली. त्याआधीची रीत उलटी होती: आधी व्यसन सोड, औषधं घे, शिस्त दाखव, मग घर मिळेल. त्यांनी घर आधी दिलं आणि उपचार माणसाच्या मर्जीवर ठेवले. कॅनडानं २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक लोकांवर याची रीतसर चाचणी घेतली. शेवटच्या सहा महिन्यांत अशा पद्धतीनं घर मिळालेल्यांपैकी ६२ टक्के पूर्ण काळ घरात टिकले. नेहमीच्या पद्धतीतल्यांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होतं. फिनलंडनं २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केलं आणि मोठे निवारे मोडून त्यांच्या सदनिका केल्या; हेलसिंकीतला सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचा अडीचशे खाटांचा निवारा असाच सुमारे ८० छोट्या घरांत बदलला. या पद्धतीनं व्यसन सुटतं असा दावा कुणी केला तर विश्वास ठेवू नका. घर टिकतं, एवढं ती नक्की करते.

तुमच्याकडे सदनिका नाहीत. मग तुमचं काम काय? यादी, कागद आणि सोबत. यादी म्हणजे आकडेवारी नव्हे, नावांची यादी: परिसरात आज कोण बाहेर झोपतंय, कधीपासून, काय अडलंय, कुणाशी बोलतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड शहरानं अशीच सर्व संस्थांची मिळून एक यादी केली, ती सतत ताजी ठेवली, आणि २०१७ पर्यंत माजी सैनिकांमधली आणि दीर्घकाळची अशी दोन्ही प्रकारची बेघरी जवळजवळ शून्यावर आणली. सरकारी कचेरीत 'तिथे खूप लोक आहेत हो' म्हटलं तर काही हलत नाही. 'हे सतरा जण आहेत, यातल्या नऊ जणांचे कागद तयार आहेत' म्हटलं की समोरच्याला काहीतरी करावं लागतं.

कागदांचं महत्त्व बाहेरून कळत नाही. पिशवी चोरीला जाते, पावसात भिजते, सफाईच्या गाडीत जाते, आणि त्याबरोबर माणसाची ओळखच जाते. प्रती जपून ठेवायला एक कुलूपबंद कपाट द्या. टपाल येण्यासाठी संस्थेचा पत्ता वापरू द्या. घर मंजूर झाल्याचं पत्र पत्त्याअभावी परत जाणं हा प्रकार लोकांना विनोद वाटेल, पण घडतो.

सोबतीबद्दल एकच सांगते. बोस्टनमध्ये १९८५ च्या सुमारास जिम ओ'कॉनेल हे तरुण डॉक्टर एका निवाऱ्याच्या दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा तिथल्या परिचारिकांनी त्यांना स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावला आणि आलेल्यांचे पाय कोमट पाण्यात धुण्याचं काम दिलं. दिवसभर चालून आणि उभं राहून सुजलेले, चिघळलेले पाय. त्या बसण्यातून माणसं हळूहळू बोलू लागली, आणि उपचार घेऊ लागली ती नंतर. तुम्ही पाय धुवा असं नाही, पण अर्ज भरून घेण्याआधी काहीतरी द्या ज्याच्या बदल्यात काही मागायचं नाही.

आता दुसरं टोक, ज्याच्याकडे जवळपास सगळ्या संस्था पाठ फिरवतात. घर मिळालं, किल्ली हातात दिली, फोटो काढला, संपलं. खरं तर इथून पुढचे नऊ महिने धोक्याचे. न्यूयॉर्कच्या एका पुरुष निवाऱ्यातून बाहेर पडणाऱ्या, गंभीर मानसिक आजार असलेल्या ९६ जणांवर एझ्रा ससर आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीच्या सेवा, निम्म्यांना त्याशिवाय नऊ महिने एका ओळखीच्या कार्यकर्त्याची सोबत. पुढच्या दीड वर्षात पहिल्या गटातल्या माणसानं सरासरी ९१ रात्री बेघर काढल्या, दुसऱ्यातल्यानं ३०. सोबतीची रीतही सोपी आहे. पहिले तीन महिने वारंवार जायचं, पुढचे तीन महिने कमी जायचं आणि माणसाला शेजारी, दवाखाना, नातेवाईक यांच्याकडे वळवायचं, शेवटचे तीन महिने मागे सरायचं. निरोप ठरवून घ्यायचा, गायब व्हायचं नाही.

या काळात काय काय होतं ते बघितल्याशिवाय पटत नाही. पहिल्या रात्री माणूस जमिनीवर झोपतो, पलंग असला तरी. शांतता सहन होत नाही म्हणून दार उघडं ठेवतो. रस्त्यावरचे सोबती मुक्कामाला येतात, त्यांना नाही म्हणता येत नाही, मग शेजाऱ्यांच्या तक्रारी. विजेचं बिल म्हणजे काय, ते कधी येतं, हे विसरलेलं असतं. बऱ्याच वर्षांनी दिवसभर करायला काहीच नसतं, कारण आधी जेवण आणि झोपायची जागा मिळवण्यातच दिवस जायचा. यातली एकही अडचण तज्ज्ञाची नाही. शेजाऱ्याची आहे. दोघांच्या जोडीनं आठवड्यातून एकदा घरी जा, चहापाणी करा, आलेली पत्रं एकत्र उघडा. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या विद्यार्थी मित्रांनी गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली, त्यातून सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी उभी राहिली. तीही जोडीजोडीनंच घरी जाते. जोडीचा नियम जपा. एकट्यानं गेलं की नको ती वचनं दिली जातात, नको ते आरोपही होतात, आणि एक जण दमला तर सगळंच थांबतं.

संस्थेच्या अंतर्गत कारभाराबद्दल थोडंच, कारण त्यावर लिहिणारे बरेच आहेत. हातात ताट घेतलेल्यांचे फोटो काढणं आजपासून बंद करा. भुकेल्या माणसाची 'परवानगी' ही परवानगी नसते, आणि त्याच्या मुलांच्या शाळेत तो फोटो पोचतो. लोकांनी सांगितलेलं व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, चांगल्या हेतूनंही. एक तरी माणूस पगारी ठेवा, अर्धवेळ का होईना. मालक दुपारी तीन वाजता फोन करतो तेव्हा सगळे स्वयंसेवक आपापल्या ऑफिसात असतात. देणगीदार म्हणतील पैसा थेट गरिबांपर्यंत जावा, पगारावर नको. त्यांना वरचा फोन ऐकवा, त्यात पैसा थोडा आणि माणूसच जास्त कामाला आला होता. आणि स्वतः या अवस्थेतून गेलेल्या किमान दोघांना कार्यकारिणीत घ्या. दोघांना, कारण एकट्यानं बोलायची छाती होत नाही.

अहवालात किती ताटं वाढली हे लिहिणं कमी करा. त्याऐवजी तीन ओळी ठेवा: या तिमाहीत किती घरं जाता जाता वाचली, त्यातली किती सहा महिन्यांनीही टिकून आहेत, आणि नव्यानं घर मिळालेल्यांपैकी किती जणांचा संपर्क सुटला. तिसरी ओळ लिहायला जड जाते. सुटलेल्यांची नावं महिन्यातून एकदा वाचा आणि शोधायला कोण जाणार ते तिथेच ठरवा.

शेवटी, तुम्ही विचारलेलं नाही पण लवकरच समोर येईल असं एक: ज्याला एकदा भाड्यासाठी मदत केली तोच आठ महिन्यांनी पुन्हा दारात उभा राहील. कार्यकारिणीतले निम्मे म्हणतील सवय लागली, निम्मे म्हणतील बिचारा. दोघांचंही ऐकू नका. कागद पुन्हा तीन गठ्ठ्यांत लावा आणि तारखांचा गठ्ठा आधी बघा. अडचण नवी असेल तर नव्यानं मदत करा. जुनीच असेल तर पैसे देऊ नका, पण त्या दिवशी त्याला रिकाम्या हातानं पाठवू नका. लहान जागा बघायला, मालकाशी बोलायला, सरकारी मदतीचा अर्ज करायला कोण कधी त्याच्याबरोबर जाणार, हे लिहून त्याच्या हातात द्या.